मोटारघराचे अंदाजपत्रक

संत लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा एक लहानसा दृष्टान्त दिला आहे. असा माणूस आधी स्वस्थ बसून खर्चाचा हिशेब करतो आणि काम तडीस नेण्याइतके आपल्यापाशी आहे की नाही हे पाहतो. तसे न केल्यास नुसता पाया घालून काम थांबते आणि येणारेजाणारे हसतात, असा त्याचा आशय आहे. शिष्यत्वाची किंमत आधी ओळखा, हा त्याचा आध्यात्मिक अर्थ आम्ही लहानपणापासून प्रवचनांतून ऐकत आलो. तथापि खरोखरीच वही-पेन्सिल घेऊन बांधकामाचा खर्च काढण्याची वेळ आमच्यावर २०२२ साली आली, आणि दृष्टान्तात न आलेला एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. बुरूज बांधणारा स्वतःची थैली मोजतो, हे योग्यच आहे. परंतु कोणतेही घर दुसऱ्याच्या हातांनी उभे राहते. त्या दुसऱ्यानेही एक हिशेब केलेला असतो. तो हिशेब चुकला आहे, आणि ती चूक आपल्या लाभाची आहे, हे आपणांस ठाऊक असेल, तर आपण बोलावे की गप्प राहावे?

भंडारा शहरातले आमचे घर १९९१ साली बांधून झाले. त्या वेळी आमच्यापाशी एक सायकल होती. पुढे एक स्कूटर आली. दोन्ही ओसरीवर मावत असत. थोरल्या मुलाने मोटार घेतली तेव्हा मात्र ती रस्त्यावर उभी राहू लागली. विदर्भातील वैशाखाचे ऊन आणि आषाढातील संततधार यांत ती तशीच ठेवणे जिवावर येई. घराच्या पूर्वेला भिंतीलगत एक मोकळी पट्टी होती. तेथे मोटारघर बांधावे असे ठरले. बाजारात 'गॅरेज' म्हटले की गाड्या दुरुस्त करण्याचे दुकान डोळ्यांपुढे येते, म्हणून आमच्या घरात त्या जागेला 'गाडीची खोली' हेच नाव पडले.

आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला अंदाजपत्रक तयार करण्यात एक प्रकारचा आनंद वाटतो, हे कबूल केले पाहिजे. अंदाज काढण्याच्या रीती दोन. पहिली ढोबळ: जागेचे क्षेत्रफळ काढावे आणि गावात चालू असलेल्या चौरस फुटाच्या दराने गुणावे. दुसरी तपशीलवार: प्रत्येक बाब वेगळी लिहावी, तिचे परिमाण काढावे, दर लावावा आणि रकमांची बेरीज करावी. आम्ही दुसरी रीत घेतली. खोली आतून दहा फूट रुंद व अठरा फूट लांब. एका बाजूला घराची जुनी भिंत होतीच आणि समोर लोखंडी शटर यायचे होते. म्हणून नवी भिंत एक लांब व एक आखूड, मिळून अठ्ठावीस फूट. नऊ इंच जाडी व नऊ फूट उंची धरली की विटकाम सुमारे १९० घनफूट होते. शंभर घनफुटांचा एक ब्रास आणि ब्रासला साधारण साडेतेराशे विटा. तुटफूट धरून २,७०० विटा. वरचा स्लॅब पाच इंचांचा. त्याचे काँक्रीट ८७ घनफूट, सिमेंट वीसेक पोती, लोखंड दोन क्विंटलांच्या वर. रेती, गिट्टी, सेंट्रिंग, गिलावा, फरशी, शटर, रंग आणि मजुरी. सरकारी अंदाजपत्रकात शेवटी तीन ते पाच टक्के आकस्मिक खर्च धरण्याची प्रथा आहे, तीही आम्ही पाळली.

यातील एक बाब मात्र आम्हांस जशी ठाऊक होती तशी ती दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ती म्हणजे पाया. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांद, सिहर, खर्डी, बर्डी अशी नावे देतो आणि नावावरून तिचा स्वभाव ओळखतो. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाया खोल न्यावा लागतो. बर्डी मुरमाड, तिच्यात कठीण थर लवकर लागतो. आमची जागा वरून पाहता बर्डीची. परंतु १९९१ साली घराच्या जोत्यात भर घालण्यासाठी त्याच पूर्वेच्या पट्टीतून आम्ही मुरूम खणून घेतला होता. जवळजवळ सहा फुटांचा तो खड्डा पुढे विटांचे तुकडे, राख आणि घरातील मोडतोड टाकून बुजवला गेला, आणि वर मुरमाचा थर अंथरून चोपला गेला. तीस वर्षांत त्यावर गवत उगवले, पेरूचे एक झाड वाढून म्हातारे झाले. आता तेथे खड्डा होता हे केवळ आम्हां उभयतांस आठवत होते.

मिस्त्री आले. वस्तीत त्यांचा लौकिक चांगला होता. त्यांनी जागा पावलांनी मोजली, एका कोपऱ्यात पहार मारून पाहिली, वरचा चोपलेला मुरूम पहारेला लागला, आणि त्यांनी पाया तीन फूट धरला. लांब भिंतीच्या चरासाठी लांबी अठरा, रुंदी अडीच, खोली तीन, म्हणजे १३५ घनफूट. मालासकट सगळ्या कामाचा ठोक आकडा त्यांनी २,६५,००० रुपये सांगितला. आमच्या वहीतला आकडा याहून बराच मोठा होता, कारण त्या भिंतीखाली आम्ही पाया सहा फूट धरला होता. पावसाळ्यापूर्वीचे ते दिवस होते. पाऊस सुरू झाला की बांधकामे थांबतात, आणि हातात एखादे काम असावे अशी मिस्त्रींची निकड त्यांच्या बोलण्यातून कळत होती.

आम्ही गप्प राहिलो. इतकेच असते तर कदाचित आज मन एवढे खात नसते. करारनामा आमच्याच हस्ताक्षरात लिहिला गेला, आणि त्यात आम्ही चार शब्द घातले: 'पाया कठीण थरापर्यंत असावा.' वाचणाऱ्याला ते शब्द साधे, रीतसर वाटावेत. ते कशासाठी घातले हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

ईस्टर झाल्यावर काम सुरू झाले. तिसऱ्या दिवशी चर तीन फूट खोल गेला आणि खाली कठीण थराऐवजी राख व विटांचे तुकडे लागले. आणखी खाली एक फुटकी तामचिनीची ताटली निघाली. निळ्या काठाची ती ताटली आमच्याच स्वयंपाकघरातली. मिस्त्रींनी ती हातात घेऊन पाहिली, झटकली आणि कडेला ठेवली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "माझाच अंदाज चुकला, सर. पहार अजून दोन जागी माराले पायजे होती."

आम्ही काहीच बोललो नाही.

पाया सहा फुटांपर्यंत गेला. खोदाई १३५ घनफूट वाढली आणि तेवढेच दगडी काम वाढले. मिस्त्रींचा जास्तीचा खर्च अठ्ठावीस हजारांच्या आसपास गेला असावा. ठोक कामात सुटणारा त्यांचा नफा त्यात बुडाला. कागदावर ही गोष्ट येथेच संपते. प्रत्यक्षात ती येथून पुढे सुरू झाली. कामावर दोन रेजा होत्या. त्यांतील एक दुसऱ्या आठवड्यापासून येईनाशी झाली; तिला नको म्हणून सांगण्यात आले होते. उरलेली रेजा दोघींच्या घमेल्यांचा भार एकटीने वाहू लागली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिला निम्मी मजुरी मिळाली आणि उरलेली 'बाकी' म्हणून हजेरीच्या वहीत लिहिली गेली. याच सुमारास मिस्त्रींनी बिचकत विचारले की, पावतीशिवायची रेती रात्री कमी भावात मिळते, ती आणू काय? वैनगंगेचे पात्र कसे खरवडले जात आहे हे आम्ही जाणतो. आम्ही त्यांना रॉयल्टी भरलेल्या पावतीचे महत्त्व सांगितले आणि ठाम नकार दिला. शासनाच्या महसुलाविषयी आपण किती दक्ष आहोत याचे त्या दिवशी आम्हांस समाधान वाटले, हे येथे लपवून चालणार नाही.

त्या संध्याकाळी पत्नीने विचारले, "त्यांना त्या खड्ड्याचं सांगितलं होतंत ना?" रेजेला चहा देताना बाकी राहिलेल्या मजुरीची गोष्ट तिच्या कानांवर आली होती. आम्ही उत्तर देण्याऐवजी युक्तिवाद सुरू केला. तो युक्तिवाद येथे नीट मांडणे अगत्याचे आहे, कारण तो केवळ आमचा नाही. व्यवहारात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर तो तयार असतो.

पहिला मुद्दा असा की, आम्ही खोटे काहीच बोललो नाही. मिस्त्रींनी विचारले असते तर आम्ही खरे सांगितले असते. हा मुद्दा फार जुना आहे. सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात याच वादाची दोन उदाहरणे आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन एक व्यापारी तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे काय? दुसरे उदाहरण घराचे. घरात दोष आहेत, ते विकणाऱ्याखेरीज कोणाला माहीत नाहीत. त्याने ते उघड करावेत काय? स्टोइक पंथातील डायोजिनिस म्हणे की न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे की ज्याला कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते त्याच्यापासून राखून ठेवणे हेच लपवणे होय. सिसरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. आमच्या चार शब्दांकडे पाहता डायोजिनिसचा आधारही आम्हांस पुरेसा ठरत नाही. कारण जो न सांगता थांबतो आणि जो न सांगून वर कागदावर सोय करून ठेवतो, ते दोघे सारखे नव्हेत.

दुसरा मुद्दा असा की, मिस्त्री कसबी आणि आम्ही नवशिके. ज्याचा धंदा त्याने आपले नफानुकसान पाहावे. यावर संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात दिलेले एक उदाहरण आम्हां भंडाऱ्याच्या लोकांना विशेष लागू पडते. आमचे शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. संत थॉमस खरेदीविक्रीतील अन्यायाची चर्चा करताना म्हणतो की, विकणाऱ्याने चुकून सोने पितळ समजून विकले आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे माहीत असेल, तर घेणारा अन्यायाने घेतो आणि त्याने भरपाई केली पाहिजे. येथे घेणाऱ्याने तोंडातून एकही असत्य काढलेले नाही. विकणाराही जाणता व्यापारी असू शकेल. तरीही भरपाईचे देणे लागू होते, कारण सौदा दोघांच्या संमतीने होतो आणि चुकीवर उभी असलेली संमती पुरी संमती नव्हे. मिस्त्रींनी तीन फुटांच्या पायाला संमती दिली होती, सहा फुटांच्या नव्हे.

तिसरा मुद्दा मुक्त कराराचा. मिस्त्रींवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. याचे उत्तर तेरावे लिओ यांच्या १८९१ सालच्या 'रेरूम नोवारूम' या विश्वपत्रात आहे. मजुरीविषयी बोलताना पोपमहोदय सांगतात की, दोन्ही पक्षांनी मोकळेपणी करार केला तरी त्याहून जुनी व श्रेष्ठ अशी नैसर्गिक न्यायाची एक अट शिल्लक राहते; आणि गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने जो कठोर अटी मान्य करतो, तो बळजबरीचाच बळी असतो. पावसाळा तोंडावर आलेला आणि हातात काम नाही, अशा माणसाची सही किती मोकळी असते, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

कायद्याने काही सांगितले असते तर बरे झाले असते, असेही मनात आले. परंतु बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केलेल्या कायद्याने, दहा लाखांपर्यंतच्या खर्चाने स्वतःचे राहते घर बांधणाऱ्या व्यक्तीला आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते. लहान माणसाला कागदपत्रांचा जाच नको, हा त्यातला हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की आमच्या अंगणात, आमच्या भिंतीलगत, मिस्त्री आणि रेजा यांचे जे व्हायचे ते आमच्या सदसद्‌विवेकावर सोपवलेले होते. तेथे तपासनीस येणार नव्हता.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील प्रत्येक तफावत अन्याय नसते. आमच्या मते तफावती तीन प्रकारच्या असतात. काम चालू असताना सिमेंटचा किंवा लोखंडाचा भाव चढतो. हे कोणालाच आधी ठाऊक नव्हते, म्हणून तो भार दोघांनी बोलून वाटून घ्यावा. गवंड्याची भिंत ओळंब्यातून सुटते आणि पुन्हा बांधावी लागते. ती त्याच्या कसबाची जोखीम आहे आणि ती त्यानेच सोसावी, तिच्याबद्दल पैसे देऊ करणे हा त्याच्या कसबाचा अपमानही ठरेल. तिसरी तफावत मात्र निराळी. एकाला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते, आणि ज्याला ठाऊक असते त्याच्याच खिशात फरक पडतो. या तिसऱ्या तफावतीला नशीब किंवा व्यवहार ही नावे देता येत नाहीत. पापनिवेदनापूर्वी मन तपासताना 'मी कोणाचे काही चोरले काय' असा प्रश्न आपण स्वतःला विचारतो. 'मी गप्प बसून कोणाचे काही घेतले काय' हा प्रश्न आम्ही तोवर कधी विचारला नव्हता.

शिवाय अशी तफावत जेथे पडते तेथेच राहत नाही. आम्ही मिस्त्रींना तोटा दिला; त्यांनी तो रेजांकडे सरकवला. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्याही घरी चूल होती. तोटा पाण्यासारखा उताराकडे जातो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्याजवळ साचतो. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन घर बांधणाऱ्या राजाचा धिक्कार केला आहे. त्या राजाच्या देवदारी महालाशी आमच्या दहा बाय अठराच्या खोलीची तुलना हास्यास्पद वाटेल. परंतु फुकट राबण्याचे माप महालात आणि मोटारघरात एकच असते.

स्लॅब पडला. पाणी मारण्याचे दिवस संपले, शटर बसले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोटार आत गेली. हिशेब चुकता करताना आम्ही मिस्त्रींच्या हातात ठरलेल्या रकमेवर तीस हजार रुपये जास्त ठेवले आणि म्हणालो, "काम चांगले केलेत. हे बक्षीस." ते भारावले. वाकून नमस्कार करू लागले. पुढे चौकात, पानाच्या ठेल्यावर, चर्चच्या आवारातदेखील आमच्या मोठेपणाची गोष्ट फिरू लागली. लोक भेटून सांगत की, असा मालक आजच्या काळात मिळत नाही.

पैशाची बाजू यापुढे बरोबर झाली होती. किंबहुना दोन हजार जास्तच गेले होते. तरी मनाचा सल जाईना, आणि तो का जात नाही हे कळायला काही महिने लागले. जे देणे होते ते आम्ही दान म्हणून दिले होते. भरपाई आणि दान यांत रक्कम एकच असू शकते, परंतु भरपाईत देणारा खाली असतो आणि घेणारा ताठ उभा असतो. दानात नेमके उलटे घडते. मिस्त्रींचा तोटा आम्ही भरून दिला आणि त्याच व्यवहारात त्यांच्याकडून कृतज्ञता वसूल केली. वर त्यांच्या मनात स्वतःच्या कसबाविषयी जी शंका शिरली होती, ती तशीच राहू दिली. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर आपला अंदाज चुकला, असे ते बिचारे मानून चालले होते.

ही गोष्ट अंगणापुरती राहत नाही. आमच्याच जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. १९८३ साली त्याचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले; २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला; आणि सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. दरवाढ, भूसंपादन, पुनर्वसन, कामाच्या व्याप्तीतील बदल अशी कारणे त्यामागे आहेत. त्यांतील किती तफावत पहिल्या प्रकारची, किती दुसऱ्या आणि किती तिसऱ्या, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. आम्हांस त्यातील एकच गोष्ट येथे पाहावयाची आहे. बुडीत क्षेत्रातील लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिल्यानंतर २०१३ साली शासनाने त्यांच्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. ही रक्कम मिळणे चांगलेच. परंतु 'पॅकेज' या शब्दाला ऐकताना आम्हांस आमचे 'बक्षीस' आठवते. ज्याची जमीन, विहीर आणि पूर्वजांची स्मशानभूमी पाण्याखाली गेली, त्याला जे मिळते ते देणे आहे. पहिल्या अंदाजपत्रकात ती बाब पुरेशी धरली गेली नाही, एवढ्यावरून नंतर देताना ते औदार्य होत नाही.

ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, मिस्त्री एका दुसऱ्या कामावर असल्याचे कळले. आम्ही तेथे गेलो. जेवणाची सुट्टी होती. बाजूला घेऊन आम्ही त्यांना १९९१ सालच्या मुरमाची, खड्ड्याची आणि कागदावरच्या चार शब्दांची हकीगत सांगितली. दिलेले तीस हजार बक्षीस नव्हते, ते तुमचेच होते, असेही सांगितले. आयुष्यभर वर्गापुढे उभे राहून बोलणाऱ्या माणसाला ती पाच वाक्ये फार जड गेली.

मिस्त्रींनी डबा झाकला. म्हणाले, "सर, ताटली निघाली तवाच समजलं होतं मले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हणून वाट पाहिली जी."

चराच्या काठावर उभे राहून "माझाच अंदाज चुकला" असे ते म्हणाले होते, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. ती कबुली नव्हती. आम्हांस बोलण्यासाठी करून दिलेली ती वाट होती, आणि आम्ही तिच्यावर पाऊल टाकले नव्हते. पुढे नमस्कारासाठी ते वाकले तेव्हा त्यांना सर्व ठाऊक होते. ज्या वस्तीत आणखी कामे मिळवायची आहेत तेथे सरांना खोटे कोण पाडणार?

आम्ही दोन्ही रेजांविषयी विचारले. जिची मजुरी बाकी राहिली होती तिला त्यांनी जूनमध्येच पैसे पोचते केले होते. दुसरी, जिला दुसऱ्या आठवड्यात घरी पाठवले गेले, तिचे कुटुंब वीटभट्टीच्या कामासाठी बाहेर गेले होते. कोणत्या जिल्ह्यात, हे त्यांना सांगता आले नाही. तिला आमच्या खड्ड्याविषयी कोणी काही सांगितले नव्हते. आपल्याला काम का मिळाले नाही हे तिला कधी कळायचेही नाही.

आता कोणी घराला लागून खोली काढण्याचा खर्च विचारायला आले, तर आम्ही त्यांना विटा, सिमेंट, लोखंड यांची परिमाणे आनंदाने काढून देतो. शेवटी एवढेच सांगतो की, मिस्त्री आकडा सांगतील तेव्हा जागेविषयी तुम्हांस जे ठाऊक आहे ते सगळे आधी सांगून टाका, आणि मगच आकडा लिहून घ्या. रक्कम वाढेल. ती वाढलेली रक्कम हीच त्या कामाची खरी किंमत असते. बोलला नाहीत म्हणून ती कमी होत नाही, फक्त दुसऱ्या कोणाच्या नावावर चढते.

मोटारघराची ती वही अद्याप आमच्यापाशी आहे. हिशेबाच्या खाली आम्ही नंतर एक ओळ लिहून ठेवली आहे: 'रेजा, एक, कामावरून कमी केली.' तिच्या पुढे परिमाण, दर आणि रक्कम यांचे रकाने आहेत. ते अजून रिकामे आहेत.